अवयवदानाचं बोलणं पडवीत व्हायला हवं

दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावरून सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा ओहोटी लागलेली होती. ओल्या पुळणीवर पाय रुतत नाही, म्हणून भरती-ओहोटी बघूनच दिवस ठरवला होता. पाळंदे, हर्णै, मग खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ले आणि शेवटी कड्यावरच्या गणपतीची चढण. शाळांमधून अवयवदानाचं शिक्षण मिळावं यासाठी निधी जमवायला आमच्या भागातल्या मंडळींनी ही पदयात्रा काढली होती. हायस्कुलांची मुलं होती, त्यांचे आईबाप होते, मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले चाकरमानी होते. गुडघ्याला पट्टा बांधून एक आजी शेवटपर्यंत चालल्या. ३१ वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला एवढी शाळा एका वाटेवर चालताना बघून भरून आलं, हे आधी सांगून टाकते.

वर देवळापाशी, जिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो, तिथे एक टेबल मांडलं होतं. त्यावर अवयवदानाच्या संकल्पाचे फॉर्म. नववी-दहावीची मुलं रांगेने सह्या करत होती आणि फलक हातात धरून फोटो काढून घेत होती. माझ्याच शाळेतली एक मुलगी सही करता करता थांबली आणि मला म्हणाली, "बाई, ह्याच्यावर सही केली की पुढे काय होतं?"

मी तिला खरं ते सांगितलं. तुझ्या सहीने काहीच होत नाही. तू १४ वर्षांची आहेस आणि संकल्प १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने करायचा असतो. त्याहून लहान मुलाच्या बाबतीत निर्णय आईवडिलांचा. मोठ्या माणसाने रीतसर फॉर्म भरून ठेवला तरीही आपल्याकडे नातेवाइकांची संमती घेतल्यावाचून डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हणजे ज्याच्या नावाचा फॉर्म, तो त्या घडीला बोलू शकत नाही, आणि जे बोलू शकतात त्यांना बहुतेक वेळा तो फॉर्म भरलाय हेच ठाऊक नसतं.

तिथेच माझ्या मनात ही गोष्ट पक्की झाली. पदयात्रा हवी, निधीही हवा. पण शाळेतून गोळा करायचे ते फॉर्म नव्हेत. शाळेने मुलाला घरी जाऊन नीट बोलता येईल एवढं शिकवावं, आणि ते बोलणं वेळ येण्याच्या कितीतरी आधी घरच्या पडवीत होऊन जावं. जमलेल्या पैशाचा खर्च या एका कसोटीवर व्हावा.

ही कसोटी मला एका विद्यार्थ्याने शिकवली. त्याचे वडील महामार्गावर दुचाकीवरून पडले. डोक्याला मार. तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, जसं आपल्याकडच्या प्रत्येक गंभीर अपघाताचं होतं तसं. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू मृत झाला आहे. सांगितलं तेही व्हरांड्यात, उभ्याउभ्या, निम्म्या इंग्रजीत. थोड्या वेळाने समन्वयक बाई आल्या आणि त्यांनी अवयवदानाबद्दल विचारलं. तिथे आई होती, परळहून आलेले दोन काका होते, गावाहून भावकीचे फोन येत होते, आणि बारावीतला हा मुलगा होता. घरच्यांनी नाही म्हटलं. पुढे काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला, पडवीत बसला आणि म्हणाला, "बाई, मला सगळं माहीत होतं. नववीत मी पोस्टर केलं होतं ना. पण काकांच्या समोर बोलायचं कसं?"

त्या पोस्टरला दुसरं बक्षीस मीच दिलं होतं.

मी त्याच्या काकांना जराही दोष देत नाही. भावाची छाती वरखाली होताना दिसते आहे, अंग कोमट आहे, पडद्यावर ठोक्यांची रेघ धावते आहे, आणि कोणी परका माणूस सांगतो की हा गेला. आयुष्यात हा शब्द पहिल्यांदा त्या रात्री कानावर पडला तर कोण हो म्हणेल? मीही म्हटलं नसतं. दोष माझा होता. मी मुलाला घोषवाक्य शिकवलं होतं, मेंदूमृत्यू शिकवला नव्हता.

खरं तर हा विषय अभ्यासक्रमात आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञानाच्या पाठात अवयव प्रत्यारोपण आणि अवयवदान-देहदान येतं. पण तो भाग येतो तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं, सराव परीक्षा डोक्यावर असतात आणि शिक्षक "हे वाचून घ्या" म्हणून पुढे जातात. मीही गेले आहे. आपल्या कोकण बोर्डाचा निकाल राज्यात पहिला येतो याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, मलाही आहे. त्यातलं पाठांतर किती आणि समजलेलं किती, हे या एका पाठावरून मी तरी तपासून बघितलं आहे, आणि उत्तर सुखाचं नाही. माझ्या वर्गांतली निम्म्याहून जास्त मुलं मेंदूमृत्यू आणि कोमा एकच समजत होती.

मग मी शिकवायची पद्धत बदलली आणि माडाकडे वळले. आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या परसात माड आहे. माडाला वाढीचं टोक एकच, शेंड्यातला कोंब. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते, माडाला ती सोय नाही. भुंग्याने पोखरून म्हणा किंवा पावसाळ्यात बुरशीने म्हणा, तो कोंब एकदा कुजला की माड मेला. पण तसं दिसत नाही. खालच्या झावळ्या बरेच दिवस हिरव्या राहतात, आधी धरलेले नारळही उतरवता येतात. नवखा माणूस रस्त्यावरून बघेल तर म्हणेल, झाड काय छान उभं आहे. माडावर चढणारा गडी मात्र वर जाऊन कोंबाला हात लावतो, तो सहज उपटून हातात येतो, आणि खाली येऊन सांगतो, "गेला हो हा."

मुलांना हे एका मिनिटात कळतं. मग पुढचं सांगता येतं. मेंदूच्या देठाशी, मानेच्या वर, मेंदूस्तंभ असतो आणि श्वास घ्यायची आज्ञा तिथून सुटते. तो मेला की श्वास कायमचा थांबतो. व्हेंटिलेटर बाहेरून हवा ढकलतो म्हणून रक्ताला प्राणवायू मिळतो, आणि हृदयाला ठोक्याची स्वतःची यंत्रणा असल्यामुळे ते काही काळ चालत राहतं. हिरव्या झावळ्या त्या एवढ्याच. कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ जिवंत असतो. तो वादळात वाकलेला माड आहे, कोंब शाबूत असलेला. तो सावरू शकतो, त्याच्याबाबतीत अवयवदानाचा प्रश्नच येत नाही.

माडाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगते. माड हिरवा दिसायला अवधी असतो, माणसाच्या बाबतीत हाताशी तास असतात. बाहेर काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावं लागतं. मूत्रपिंड साधारण एक दिवस टिकतं. म्हणून तर त्या व्हरांड्यात घाई होते, आणि घाई दिसली की संशय येतो.

संशयाला उत्तर द्यायचं तर कायदा शिकवायला हवा, आणि तो नववीच्या मुलाला सहज कळतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ मध्ये त्यात सुधारणा झाली. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कोणीही चालत नाही. तपासण्या दोनदा होतात आणि दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. त्यातली एक तपासणी अशी की ठरावीक काळ व्हेंटिलेटरचा आधार काढून माणूस स्वतः श्वास घ्यायचा प्रयत्न करतो का हे बघतात. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. संमतीनंतर अवयव काढण्यापर्यंतच्या उपचारांचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नसतो. अपघाताचं प्रकरण असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, पण नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्राने परवानगी दिली आहे, ती अवयवदानाची प्रकरणं अडू नयेत हा हेतू डोळ्यांपुढे ठेवून. हे सगळं मिळून दोन तासिकांचं काम आहे. यातलं एक वाक्यही टी-शर्टवर मावत नाही.

मुलं प्रश्न विचारतात ते मोठ्यांच्या तोंडी येत नाहीत. "त्यांना दुखत नाही का?" "डोळे काढले की चेहरा कसा दिसतो?" "बाबांचं हृदय दुसऱ्याच्या अंगात असलं तर ते बाबांचं का त्याचं?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही आणि मी तसं वर्गात सांगत असे. पण असा प्रश्न एकदा मोकळेपणी विचारला गेला की मुलगा तो घरी नेतो. जेवताना आजीला विचारतो. आजी म्हणते, "डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळा जन्माला येईल." मुलगा म्हणतो, "मग चितेवर डोळे जळतात त्याचं काय?" आणि बोलणं सुरू होतं. ते कुठे जाईल हे शाळेने ठरवू नये.

इथे काहींचा आक्षेप असतो की एवढ्या कोवळ्या वयात मरणाबद्दल कशाला. कोकणातल्या मुलाला मरण नवं नाही हो. दर्यावर गेलेली होडी परत आली नाही, हे हर्णैच्या मुलांना माहीत असतं. महामार्गावरचा अपघात, सर्पदंश, पावसाळ्यात वाहून गेलेला शेजारी, यांच्या बातम्या ती घरात ऐकतच वाढतात. मोठी माणसं मात्र मुलांसमोर बोलायचं टाळतात आणि मूल भीती एकटंच सांभाळत बसतं.

धर्माचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो मी हलकेपणी घेणार नाही. किनाऱ्यावरच्या आमच्या शाळांत कोकणी मुसलमानांची मुलं मोठ्या संख्येने असतात. अवयवदानाबद्दल इस्लामच्या अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत आणि दफन लवकर व्हावं ही भावना खोल आहे. हिंदू घरांतही देह अखंड अग्नीला द्यावा असं वाटणारी माणसं आहेत. शिक्षकाने हे मत मागास ठरवलं तर त्या मुलाच्या घरात विषयाचं दार कायमचं बंद होतं. कड्यावरच्या त्या मुलीने मला पुढे विचारलं होतं, "आणि घरचे नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, तर नाही. दान आहे ते, वसुली नाही. नाही म्हणायची मोकळीक दिली नाही तर हो म्हटल्याला अर्थ उरत नाही. मग तिने फॉर्म कोराच ठेवला आणि घडी घालून दप्तरात टाकला.

देशाचा आकडा सांगते, कारण तो ऐकून मी हादरले होते. २०२३ मध्ये भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. मरणोत्तर अवयव देणारे दाते होते १,०९९. एवढ्या मोठ्या देशात दहा लाख माणसांमागे एकही नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे चाळीसहून जास्त आहेत. लोक म्हणतात, तिथे कायदाच तसा आहे, विरोध नोंदवला नसेल तर संमती धरतात. तो कायदा १९७९ चा. पण तिथेही घरच्यांना विचारतातच, आणि चित्र बदललं ते १९८९ नंतर, जेव्हा त्यांनी रुग्णालयारुग्णालयात घरच्यांशी बोलायला तयार केलेली माणसं नेमली. बोलणाऱ्या माणसाने जे केलं ते नुसत्या कायद्याला जमलं नव्हतं.

आणि आपल्याकडच्या उरलेल्या हजारो प्रत्यारोपणांसाठी अवयव कोण देतं? जिवंत माणसं. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने असतात. आई लेकाला मूत्रपिंड देते, बायको नवऱ्याला देते. प्रेमाने देतात यात शंका नाही, पण "नाही" म्हणायची मुभा किती जणींना असते, हा प्रश्न मी वर्गात मुलींइतकाच मुलांनाही विचारत असे. मरणोत्तर दान वाढलं तर किती जणींच्या पोटावरचा हा व्रण टळेल, हे आपण बोलतच नाही. अवयवदानाच्या भाषणांत दधीची ऋषी हमखास येतात. मला त्याहून जवळची वाटते ती डायलिसिसच्या खोलीबाहेर डबा घेऊन बसलेली बाई. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्रावर, आणि त्यासाठी खाडीपलीकडच्या वाडीतून पहाटेची एसटी गाठायची. हे ज्या घरात चालू आहे तिथे निम्मी मजुरी बुडते.

आता कोकणापुरतं एक कडू सत्य. मरणोत्तर अवयवदान अतिदक्षता विभागातच होऊ शकतं, व्हेंटिलेटरवर असलेल्या आणि मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचंच. घरी मरण आलेल्या माणसाचं हृदय किंवा यकृत देता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर असे सुसज्ज विभाग मोजके, म्हणून जखमी मुंबई, कोल्हापूर, नाही तर गोव्याची वाट धरतो. मुलांना आपण अवयवदान शिकवायचं आणि जिल्ह्यात ते घडू शकेल अशी सोय मागायचीच नाही, हे बरोबर नाही. प्रत्यारोपण न करणारं पण अवयव काढून पुढे पाठवू शकणारं केंद्र म्हणून रुग्णालयाला नोंदणी करता येते. सिंधुदुर्गाला आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. पदयात्रेने शाळांकडे जाताना एक निवेदन तिकडेही द्यावं.

तोवर वाडीवस्तीवर शक्य आहे ते नेत्रदान. आमच्याकडे अवयवदान, देहदान आणि नेत्रदान यांची सरमिसळ फार आहे. देहदान म्हणजे मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देणं. नेत्रदान मात्र घरी मृत्यू आला तरी होतं, सहा तासांच्या आत झालं की पुरे. वय झालेलं असो, चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा. अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. दहावीतल्या मुलीलाही हे करता येतं. नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, आणि बऱ्याच वर्षी गणपती त्याच सुमाराला येतात. परळचे काका, ठाण्याची आत्या, सगळी भावकी त्या दिवसांत गावच्या घरात असते. आरती झाली, जेवणं उरकली, पुरुष पडवीत पान लावत बसले, बायका ओटीवर आल्या, की घरातल्या शाळकरी मुलाने तेव्हा विषय काढावा. निर्णय घेणारी सगळी माणसं वर्षातून एकदाच तिथे एकत्र असतात.

मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसायचं म्हणून ते इथून भर पावसात साताऱ्यापर्यंत चालत गेले, शंभराहून जास्त मैल, आणि वय लहान दिसतं म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे याच गावासाठी त्यांनी मुरुड फंड उभा केला, लोकांनी आपापल्या मिळकतीतला बारीकसा वाटा बाजूला काढून दिलेला. शिक्षणासाठी चालणं आणि गावाने पैसे जोडणं, दोन्ही या मातीला नवीन नाही. म्हणूनच पदयात्रेच्या पैशाबद्दल मी हट्टाने बोलते आहे. फलक, टोप्या, टी-शर्ट, पोस्टर स्पर्धा यांना मी बैठकीत विरोध करणार आहे. त्या पैशातून प्रत्येक शाळेतल्या एका विज्ञान शिक्षकाला दोन दिवस नीट तयार करावं. दहावीच्या घाईत न ढकलता नववीत दोन-तीन तासिका कराव्यात. शेवटच्या तासिकेला पालकांना बोलवावं, शेतीची कामं बघून वेळ ठरवावी. प्रत्यारोपण समन्वयकाला बोलवावं. नवं मूत्रपिंड मिळालेल्या एखाद्या माणसाला बोलवावं, त्याचं येण्याजाण्याचं भाडं द्यावं.

आणि ज्या घराने नाही म्हटलं, तिथल्या माणसालाही बोलवावं. मी माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला होता. तो आता चिपळूणला नोकरी करतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, काकांना विचारून सांगतो. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की दोघेही येणार आहेत.